बँक्स आयलंड, ऑक्टोबर 2003: थंडी पचवणारे 20 हजार मस्कऑक्स एका पावसाने कसे गेले

2003 च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या पार उत्तरेला, बँक्स आयलंडवर, जमिनीवर अर्धा फूट बर्फ साठलेला असताना काही दिवस पाऊस पडला आणि त्या एका पावसामुळे त्या हिवाळ्यात तिथले साधारण 20 हजार मस्कऑक्स (लांब केसांचे कस्तुरी बैल) मेले. बेटावरच्या एकूण संख्येचा हा जवळपास चौथा हिस्सा. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी सरळ धरून चाललो होतो की कडाक्याची थंडी पडली असणार, गारठून गेले असणार बिचारे. मग जसजसं वाचत गेलो तसं कळलं की गारठून मरण्याचा इथे प्रश्नच नव्हता, तिथली थंडी त्या जनावराला एरवी काही करू शकत नाही, आणि हेच माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट लिहितोय, थोडं लांबेल.

आधी जागा समजून घेऊ. बँक्स आयलंड म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक बेटांमधलं सगळ्यात पश्चिमेकडचं मोठं बेट, क्षेत्रफळ साधारण 70 हजार चौरस किलोमीटर, आणि एवढ्या सगळ्या जागेत गाव एकच, सॅक्स हार्बर, तेही शंभरेक माणसांचं, इनुव्हियालुइत या तिथल्या मूळ रहिवाशांचं. उंच झाडं नाहीतच. विलो आहे पण तो जमिनीला चिकटून वाढणारा, बाकी लव्हाळ्यासारखं सेज गवत, शेवाळ, फुलझाडं. जानेवारीत सरासरी तापमान -30 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे सरासरीच एवढी, मग वाऱ्याच्या दिवशी काय होत असेल बघा. पण एक गोष्ट इथे पकडून ठेवा, हे बेट कोरडं आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून 200 मिलिमीटरच्या आतच, वाळवंटच म्हणायचं, फक्त गार. हिवाळ्यातला बर्फ पातळ, भुसभुशीत, वाऱ्याने इकडून तिकडे उडणारा. मस्कऑक्सचं सगळं गणित या कोरड्या बर्फावर बसलेलं आहे.

मस्कऑक्सला आपल्याकडे कस्तुरी बैल म्हणतात पण बैलाशी त्याचं नातं तसं लांबचं, घराणं शेळ्या-मेंढ्यांचं. इनुव्हियालुइत त्याला उमिंगमक म्हणतात, म्हणजे दाढीवाला. मोठा नर 300 किलोच्या वर जातो. बँक्स आयलंडवर गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळपास दिसेनासे झाले होते, मग 1950 च्या दशकापासून परत दिसायला लागले आणि वाढत वाढत 2001 च्या आसपास 60 हजारांच्या पुढे गेले, जगातला मस्कऑक्सचा सगळ्यात मोठा साठा तेव्हा या एका बेटावर होता. म्हणजे 2003 चा पाऊस पडला तो एखाद्या मरणाला टेकलेल्या कळपावर नाही, चांगल्या भरभराटीत असलेल्या प्राण्यांवर पडला.

आता थंडीसाठी हा प्राणी कसा घडलाय ते जरा जवळून बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अंगावर दोन लेयर. बाहेरचे लांब, राठ केस, काही ठिकाणी दोन फुटांपर्यंत लोंबणारे, ते पोटाखालून जवळजवळ जमिनीपर्यंत झालरीसारखे येतात, वारा आत शिरू देत नाहीत, पडणारा बर्फ आणि पाणीही वरच्यावर ओघळून जातं. त्याच्या आत किव्युत, म्हणजे मऊ लोकर. हिचा एक तंतू 18 मायक्रॉनच्या आसपास, काश्मिरी लोकरीच्या पंगतीत बसणारा, आणि त्याचं दाट जाळं झाल्यामुळे त्यात हवा अडकून बसते. ऊब खरं तर लोकर देत नाही, अडकलेली हवा देते, लोकर तिला फक्त जागेवर धरून ठेवते. उन्हाळ्याच्या तोंडावर ही लोकर अंगावरून गोधड्यांसारखी सुटून लोंबायला लागते, विलोच्या काटक्यांना तिचे पुंजके अडकलेले दिसतात.

मग शरीराची ठेवण. ठेंगणे पाय, आखूड मान, कान केसांत लपलेले, शेपूट नावापुरतं. जे जे बाहेर निघालेलं असतं तिथून उष्णता जाते, म्हणून इथे बाहेर काही काढलेलंच नाही. शिवाय मोठं अंग असलं की वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी पडतं, त्यामुळे उष्णता गमावायला जागाच कमी. पायांचं मात्र झाकून भागत नाही, ते बर्फातच रोवलेले, तर तिथे आर्क्टिकमधल्या बऱ्याच प्राण्यांची एक युक्ती आहे, हृदयाकडून खाली येणारं गरम रक्त आणि पायातून वर जाणारं गार रक्त एकमेकांना चिकटून असलेल्या नळ्यांतून जातं, वाटेतच गरम रक्त आपली ऊब वर जाणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, पाय गार राहतो आणि छाती-पोट गरम. रेनडिअरच्या नाकातही हेच तत्त्व आहे, नाकातल्या गुंडाळलेल्या पातळ पडद्यांवर बाहेर जाणारा श्वास थंड होतो आणि त्यातली ऊब आणि ओलावा दोन्ही परत मिळतात.

हे सगळं किती जबरदस्त चालतं याचा अंदाज यायला एक जुना प्रयोग सांगतो. पेर शोलांडर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथे आर्क्टिकमधले आणि पनामात उष्ण प्रदेशातले प्राणी थंड खोलीत ठेवून ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं, 1950 साली ते छापून आलं. उष्ण प्रदेशातले प्राणी 20 ते 30 अंशांच्या खाली गेलं की जास्तीचं इंधन जाळायला लागत होते, आणि आर्क्टिक कोल्हा -40 पर्यंत नेला तरी आरामात होता. त्याच गटाने असंही दाखवलं की पोलर बेअरची कातडी बर्फाच्या पाण्यात बुडवली की तिचं ऊब धरायचं काम पार ढासळतं, कारण केसांतली हवा जाते आणि तिथे पाणी येतं. कोरडी थंडी आणि ओली थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला हे वाचताना पहिल्यांदा डोक्यात बसलं.

पण मस्कऑक्सची खरी ताकद लोकरीत नाही असं माझं मत आहे, ती त्याच्या कंजुषीत आहे. उन्हाळा तिथे जेमतेम दोन-अडीच महिने, तेवढ्यात तो प्रचंड खातो आणि चरबी चढवतो. हिवाळा आला की उलटं, खाणं कमी, हालचाल कमी, शरीर आतून इंधनही कमी जाळतं. कॅरिबूसारखं (म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर) शेकडो किलोमीटर स्थलांतर करत बसत नाही. एका टप्प्यात उभा राहतो, थोडं खातो, बसतो, रवंथ करतो, वादळ आलं की पाठ वाऱ्याकडे करून कळप दाटीवाटीने बसून घेतो. पोटातले जंतू अगदी वाळलेल्या, निकृष्ट सेजमधूनही काम काढतात, आणि अन्न पोटात बराच वेळ ठेवलं जातं म्हणजे त्यातलं सगळं निघेल. चरबी ही बँकेतली ठेव आणि बर्फाखालचं वाळकं गवत हा महिन्याचा बारीकसा पगार, नुसत्या ठेवीवर सात-आठ महिने निघत नाहीत आणि नुसत्या पगारावरही नाही.

तो पगार मिळतो कसा? खुराने. मस्कऑक्सचे पुढचे खूर मागच्यांपेक्षा मोठे आणि गोल असतात, खणायला. बर्फावर तोंड टेकून वास घेतो, मग पुढच्या एका पायाने ओढून ओढून उकरतो, बर्फाचा खड्डा होतो, त्यात तोंड घालतो, चार घास, की थोडं पुढे सरकून परत दुसरा खड्डा. वर जरा कडक पापुद्रा असेल तर जड डोकं आणि हनुवटी आपटून तो फोडतो. भुसभुशीत बर्फात हे परवडतं. बर्फ घट्ट झाला की प्रत्येक फटक्याचा खर्च चढत जातो, कॅरिबूच्या बाबतीत तर हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे, कडक पापुद्र्यात उकरायला मऊ बर्फापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते.

तर अशा प्राण्यावर ऑक्टोबरमध्ये पाऊस पडला.

पावसाने ते भिजून मेले असंही नाही, बाहेरच्या केसांनी पाणी बऱ्यापैकी निथळवलं असणार. खेळ खाली झाला. पावसाचं पाणी अर्ध्या फुटाच्या बर्फातून झिरपत जमिनीपर्यंत गेलं, आणि जमीन म्हणजे खाली कायमची गोठलेली, पाणी पिणार कुठे, ते तिथेच साचलं, बरोबर जिथे सेज आणि विलो उभे होते तिथे. मग तापमान उतरलं आणि ते सगळं पाणी गोठलं. वरून बघणाऱ्याला बर्फ नेहमीसारखाच दिसला असेल, पण खाली गवताचं प्रत्येक पातं काचेत बंद केल्यासारखं झालं. आणि ऑक्टोबर असल्यामुळे हे वितळण्याची वाट बघायची म्हणजे थेट पुढचा उन्हाळा. पाऊस एप्रिलमध्ये पडला असता तर महिना-दीड महिन्याचा उपास झाला असता, चरबीवर कदाचित निभावलं असतं. ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे अख्खा हिवाळा कुलूप, आणि माझ्या मते या प्रकरणात पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला हे जास्त महत्त्वाचं आहे.

खूर आणि हनुवटी पापुद्र्यासाठी आहेत, जमिनीला चिकटलेल्या बर्फाच्या लादीसाठी नाहीत. समजा एखाद्याने कसाबसा तुकडा फोडलाच, तर गवताबरोबर बर्फही पोटात जाणार. साधं गणित करून बघितलं, -30 अंशांचा 1 किलो बर्फ शरीराच्या तापमानापर्यंत म्हणजे 38 अंशांपर्यंत आणायचा तर साधारण 550 किलोज्यूल लागतात, त्यातले 330 च्या वर नुसते वितळवण्यात जातात. हे इंधन येणार चरबीतूनच. म्हणजे खाल्लं तरी तोटा आणि नाही खाल्लं तरी तोटा, आणि जो प्राणी सगळा हिवाळा बचतीवर काढतो त्याच्यासाठी तर हे फारच वाईट.

मग त्यांनी काय केलं, तर जे एरवी कधी करत नाहीत ते केलं, चालायला लागले. एका जागी थांबून वाचवायचं हीच ज्याची आयुष्यभराची सवय, तो प्राणी अन्न शोधत भटकायला लागला, काही तर बेट सोडून समुद्रावरच्या बर्फावर गेले, आणि बर्फाच्या तुकड्यांवरून वाहत जाताना दिसले. तो बर्फ, तिथे गवताचं एक पातं नाही. हा तपशील वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. कारण जनावर वेडं झालं असं म्हणून सुटत नाही ना, त्याच्या पिढ्यांपिढ्यांच्या अनुभवात बर्फ म्हणजे उकरलं की खाली काहीतरी असतंच, इथे नाही मिळालं तर थोडं पुढे मिळेल, आणि तो पुढे पुढे जात राहिला.

उपासमारीने गेलेलं जनावर ओळखायची एक जुनी खूण आहे. मांडीचं हाड फोडून आतला मगज बघायचा. धडधाकट जनावरात तो पांढरट, घट्ट, चरबीने भरलेला असतो, आणि उपाशी मेलेल्यात लालसर, जेलीसारखा पातळ, कारण शरीर कातडीखालची आणि पोटातली चरबी संपवून अगदी शेवटी हाडातल्या चरबीला हात घालतं. म्हणजे तोपर्यंत बाकी सगळं जाळून झालेलं असतं. आणि वर किव्युत तशीच, दाट, ऊब धरायला तयार. कोट शाबूत आणि आतली शेगडी विझलेली, असं ते होतं.

माद्यांचं अजून एक. मस्कऑक्सचा माजाचा काळ ऑगस्ट-सप्टेंबर, गाभणपण आठ महिन्यांच्या आसपास, वासरं होतात एप्रिल-मेमध्ये, बाहेर अजून सगळं पांढरं असतानाच. दहा-एक किलोचं वासरू, ओलं, त्या थंडीत बाहेर येतं आणि ब्राउन फॅट, म्हणजे ऊब तयार करणारी खास चरबी, जाळून स्वतःला तापवतं, काही तासांत उभं राहतं. पण त्याआधीचा सगळा खर्च आईच्या ठेवीतून झालेला असतो, जन्मानंतरचं दूधही सुरुवातीला तिथूनच येतं. चरबी कमी असेल तर मादी त्या वर्षी गाभणच राहत नाही. 2003 चा पाऊस पडला तेव्हा माद्या नुकत्याच गाभण होत्या, म्हणजे मेलेल्यांच्या आकड्यात न आलेलं नुकसानही बरंच असणार, जगलेल्या माद्यांच्या पोटातलं.

याच बाबतीत पुढे जोएल बर्जर या संशोधकाने एक सुंदर काम केलं. अलास्का आणि रशियाच्या रँगल आयलंडवर त्याने वाढत्या वयाच्या मस्कऑक्सच्या डोक्यांचे फोटो काढून त्यावरून माप घेतलं, जनावराला हात न लावता. 2018 ला छापलेल्या पेपरात दिसतं की ज्या हिवाळ्यात आई गाभण असताना बर्फावर पाऊस झाला होता, त्या वर्षीची पिल्लं पुढे डोक्याने लहान राहिली. म्हणजे जे मेले नाहीत त्यांच्या अंगावरही तो हिवाळा कायमचा कोरलेला राहतो.

आता हे बाहेर कसं कळलं. बँक्स आयलंडवर एवढ्या मोठ्या जागेत हवामान केंद्रं जवळपास नाहीतच, आणि पाऊस बर्फात मुरून गेल्यावर वरून काहीच दिसत नाही, साध्या सॅटेलाइट फोटोत पांढरं ते पांढरंच. थॉमस ग्रेनफेल आणि याको पुटकोनेन या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की मायक्रोवेव्ह मोजणाऱ्या सॅटेलाइटच्या जुन्या डेटामध्ये तो पाऊस सापडतो. जमीन आणि बर्फ स्वतःहून बारीकशी मायक्रोवेव्ह सोडत असतात, कोरडा बर्फ ती फारशी अडवत नाही, पण बर्फात द्रवरूप पाणी आलं की सिग्नल एकदम बदलतो, आणि नंतर गोठल्यावर परत वेगळा होतो. घटना आधी माहीत होती म्हणून त्यांना डेटात कुठे आणि कधी बघायचं ते ठाऊक होतं, आणि ती खूण एकदा ओळखता आली की मग दुसरीकडेही शोधता येते. मला वाटतं या सगळ्या दुःखाच्या गोष्टीतून निघालेली ही एक खरंच कामाची गोष्ट आहे.

काही जण म्हणतात की बेटावर जनावरं जास्तच झाली होती, कधीतरी पडझड होणारच होती. यात तथ्य नाही असं नाही, 60 हजारांच्या वर तोंडं असतील तर चांगल्या कुरणांवर ताण येतोच आणि चरबी थोडी कमी चढते. पण दाटीमुळे पडझड होते ती हळूहळू होते, आधी वासरं, मग म्हाताऱ्या, काही वर्षांत. एका हिवाळ्यात चौथा हिस्सा जातो तेव्हा मला तरी मुख्य कारण बर्फाची लादीच वाटते, दाटी फार तर हातभार लावणारी.

आणि हे एकट्या बँक्स आयलंडचं नाही. 1973-74 च्या हिवाळ्यात कॅनडाच्याच पार उत्तरेकडच्या बेटांवर पिअरी कॅरिबू आणि मस्कऑक्स अशाच गोठलेल्या जमिनीमुळे मोठ्या संख्येने गेले. रशियाच्या यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर 2013 मध्ये बर्फावर पाऊस पडला, मग तापमान -40 पर्यंत उतरलं आणि नेनेट्स पशुपालकांचे 61 हजार रेनडिअर मेले, तिथल्या 2 लाख 75 हजारांपैकी. माणसांचे कळप होते ते, कोणाकोणाचं सगळंच गेलं. ब्रूस फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये यावर लिहिलं, त्यांच्या मते बॅरेंट्स आणि कारा समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो तेव्हा उघडं पाणी हवेला ओल आणि ऊब देतं आणि असे पाऊस होतात.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर तर याची साखळी पूर्ण दिसते. तिथे रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि एक जातीचा उंदीर, तिघेही बर्फाळलेल्या हिवाळ्यात एकदम घटतात, आणि कोल्हे मात्र त्याच वर्षी मजेत असतात कारण मेलेली जनावरं मुबलक, आणि पुढच्या वर्षी कोल्हेही घटतात कारण दुबळे रेनडिअर सगळे आदल्या वर्षीच गेलेले, उरले ते दणकट, मरायला कोणी नाही. नॉर्वेच्या ब्रागे हान्सेन आणि इतरांनी 2013 मध्ये हे मांडलं. पण त्याच स्वालबार्डच्या रेनडिअरनी एक वाट शोधलीय, आतल्या कुरणांवर बर्फाची लादी असली की काही जण किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ खातात. त्याने पोट पूर्ण भरत नाही, आधाराला होतं. बँक्स आयलंडचे मस्कऑक्स समुद्राकडे गेले तेव्हा त्यांना असं काही मिळालं नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. 2012 च्या उन्हाळ्यात बँक्स आणि शेजारच्या व्हिक्टोरिया आयलंडवर मस्कऑक्स मरून पडलेले सापडले, तपासणीत एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू निघाला. 2014 च्या मोजणीत बँक्स आयलंडवर 15 हजारांच्याही आत उरले होते. हे सगळं एका पावसाने झालं असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच असतील, पण एका पिढीत वर चढलेला कळप एका पिढीत खाली आला.

पुटकोनेनचा एक मुद्दा मात्र सारखा आठवतो. 2003 चं हे प्रकरण कागदावर आलं कारण सॅक्स हार्बरला माणसं राहतात, शिकारीला बाहेर पडतात आणि मेलेली जनावरं त्यांच्या नजरेस पडतात. बँक्स आयलंडच्या उत्तरेला मेलव्हिल आहे, प्रिन्स पॅट्रिक आहे, तिथेही मस्कऑक्स आणि कॅरिबू आहेत, आणि गाव एकही नाही. तिथे एखाद्या ऑक्टोबरमध्ये पाऊस पडून गेला तर पुढच्या मोजणीचं विमान येईपर्यंत, काही वेळा कित्येक वर्षं, कोणालाच पत्ता लागत नाही.